परवडणारं घर शोधताना: वेगवेगळ्या भागांतल्या किमतींची तुलना नेमकी कशी करायची

घरांच्या जाहिराती पाहायला बसलं की तासाभरात डोकं गरगरायला लागतं. एका भागात दोन खोल्यांना जेवढे पैसे मागतात, तेवढ्यात दुसरीकडे अंगणासकट घर मिळताना दिसतं. मन लगेच निकाल देऊन मोकळं होतं की दुसरं घर स्वस्त. पण पहिल्या जाहिरातीतलं क्षेत्रफळ आतल्या खोल्यांचं असतं आणि दुसऱ्यातलं जिन्या-लॉबीसकट. एका किमतीत पार्किंग धरलेलं असतं, दुसऱ्यात नसतं. एक जागा कायमच्या मालकीची, तर दुसरी भाडेपट्ट्यावरची असते. असे दोन आकडे शेजारी ठेवले तरी त्यांची तुलना होत नाही, फक्त तुलना केल्याचं समाधान मिळतं.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. किमतीशी किंमत ताडून पाहू नका. प्रत्येक घर आधी दोन आकड्यांत बसवा: त्या घरापायी दर महिन्याला खिशातून एकूण किती जाणार आणि त्या बदल्यात आत वापरता येईल अशी किती जागा मिळणार. भाग कुठलाही असो, देश कुठलाही असो, या दोन आकड्यांवर तुलना टिकते. खालच्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोहोचण्यासाठीच आहेत.

आधी स्वतःची मर्यादा, मग जाहिराती

उलट्या क्रमाने गेलं की पस्तावायची वेळ येते, कारण एकदा आवडलेलं घर मनातून जात नाही आणि मग बजेट त्या घराच्या मापाने ताणलं जातं.

‘उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो आला कुठून हे माहीत असलं तर त्याला किती मान द्यायचा ते कळतं. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांच्या भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. म्हणजे तो आकडा मुळात सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी होता, वीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्यांसाठी नव्हता. घरात दोन लहान मुलं आणि आजारी आई-वडील असतील तर ३० टक्केही जड जातात. एकटा, चांगला कमावणारा माणूस ४० टक्केही सहज पेलतो.

त्यापेक्षा उरणाऱ्या पैशांचा हिशेब करा. महिन्याच्या हातात येणाऱ्या उत्पन्नातून खाणं, शिक्षण, औषधपाणी, विमा, आधीचे हप्ते आणि नियमित बचत वजा करा. उरेल तेवढंच घरासाठी. गेल्या सहा महिन्यांची बँकेची नोंद समोर ठेवून हे केलं तर आकडा खरा येतो. अंदाजाने केलं तर तो नेहमी जास्तच येतो.

मग व्याजदराची परीक्षा घ्या. २० वर्षांच्या मुदतीचं कर्ज ८ टक्क्यांनी घेतलं तर दर लाखामागे महिन्याचा हप्ता साधारण ८३६ येतो, १० टक्क्यांनी ९६५. चलन कोणतंही असो, प्रमाण तेच. याचा अर्थ, हप्ता तेवढाच ठेवायचा असेल तर व्याजदर दोन टक्क्यांनी वाढल्यावर कर्ज सुमारे १३ टक्क्यांनी कमी मिळतं. तुमचं कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल, तर आजच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त धरून निघणारा हप्ता जमतो का, ते आत्ताच पाहा. दोन देशांतली तुलना असेल तर हे आणखी महत्त्वाचं. अमेरिकेत ३० वर्षं न बदलणाऱ्या व्याजदराचं कर्ज सर्रास मिळतं, ब्रिटनमध्ये बहुतेक कर्जांचा दर दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला असतो. आजचा हप्ता सारखा दिसला तरी पुढचा धोका सारखा नाही.

भाग निवडताना अंतर नव्हे, वेळ मोजा

नकाशावर कामाच्या ठिकाणाभोवती गोल काढायची सवय सोडा. सकाळच्या गर्दीच्या वेळी दारापासून दारापर्यंत किती मिनिटं लागतात, त्यावरून भाग ठरवा. नकाशाच्या अॅपमध्ये निघायची वेळ आणि वार टाकून हे घरबसल्या पाहता येतं. रेल्वेमार्गावरचं लांबचं गाव हे बसच्या भरवशावर असलेल्या जवळच्या वस्तीपेक्षा अनेकदा वेळेने जवळ निघतं आणि परवडणारी घरं बहुधा अशाच ठिकाणी लपलेली असतात.

चार ते सहा भाग पुरे. त्याहून जास्त घेतले तर कुठल्याच भागाची नीट ओळख होत नाही. मात्र त्यात तुम्ही आधी विचारही केला नव्हता असा एक भाग मुद्दाम घाला: ओळखीच्या, महाग वस्तीला खेटून असलेला, त्याच शाळा-दवाखान्यांना जवळचा, पण नाव कमी झालेला. नावाची किंमत बरीच असते आणि ती भरायची की नाही हे आपल्या हातात असतं.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

जाहिरातीत दिसते ती विकणाऱ्याची अपेक्षा. सौदा कितीला झाला हे वेगळ्या ठिकाणी नोंदलेलं असतं आणि तुलना त्यावरच करायला हवी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ पासूनच्या घरविक्रीच्या किमती भूमी नोंदणी कार्यालय मोफत खुल्या करतं. फ्रान्सने २०१९ मध्ये नोंदवलेल्या व्यवहारांची माहिती सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवली. त्यात गेल्या पाच वर्षांचे सौदे असतात, मात्र अल्सास, मोसेल आणि मायोत हे भाग नसतात. उलट अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करण्याची सक्तीच नाही, त्यामुळे तिथे एजंटच्या माहितीवर जास्त विसंबावं लागतं. भारतात सरकार भागवार दर जाहीर करतं, पण ते मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीचे किमान दर आहेत. बाजारभाव त्याच्या वर किंवा क्वचित खालीही असतो. तो दर बाजारभाव समजून तुलना केली तर सगळा हिशेब चुकतो.

तुमच्या भागात अशी नोंद उघड नसेल तरी मार्ग आहे. त्याच इमारतीतल्या किंवा त्याच गल्लीतल्या जाहिराती दोन-तीन महिने जपून ठेवा. किती दिवस दिसत राहिल्या, किंमत किती वेळा उतरली, हे लिहीत जा. सहा महिने पडून राहिलेल्या घराची मागितलेली किंमत बाजाराने नाकारलेली असते. दोन आठवड्यांत जाहिराती गायब होत असतील, तर त्या भागात घासाघीस करायला जागा कमी आहे असं धरा.

क्षेत्रफळाची फसगत

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण सगळ्यात मोठे घोळ इथेच होतात.

एकक बदलणं सोपं आहे: १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, जपानमधला १ त्सुबो म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर. अडचण येते ती मोजमापात काय धरलं आणि काय वगळलं इथे. भारतात २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या ठरवली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि मोकळी गच्ची धरायची नाही. हाँगकाँगमध्ये २०१३ पासून नव्या घरांचा दर फक्त ‘विक्रीयोग्य क्षेत्रफळा’वरच सांगावा लागतो, पण त्यात बाल्कनी धरलेली असते. जर्मनीत राहण्याचं क्षेत्रफळ मोजताना एक ते दोन मीटर उंचीच्या छताखालची जागा निम्मी धरतात, बाल्कनी साधारण पाव. म्हणजे उतरत्या छपराखालच्या खोलीचा आकडा तिथे जमिनीपेक्षा लहान निघतो. आणि इंग्लंडमध्ये तर अजूनही बरेच जण घराचा विचार बेडरूमच्या संख्येत करतात.

यावर एकच उपाय: प्रत्येक घराचा आराखडा मागवा आणि स्वतः बेरीज करा. खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आतला पॅसेज. बाल्कनी वेगळ्या रकान्यात. जिना, लॉबी, पार्किंग, क्लबहाऊस पूर्ण वगळा. पार्किंगची किंमत घराच्या किमतीत मिसळली असेल, तर तीही वजा करूनच दर काढा. आराखडा द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर तीही एक माहितीच आहे.

एक उदाहरण घेऊ. पहिलं घर १०० चौरस मीटर, दर ९० एकक, एकूण ९,०००. दुसरं ८० चौरस मीटर, दर १०५ एकक, एकूण ८,४००. दरावरून पहिलं स्वस्त वाटतं. आराखडा मोजल्यावर पहिल्यात आतली जागा ६८ निघते, कारण १०० मध्ये सामाईक भाग धरलेला होता. दुसऱ्यात ७२ निघते. खरा दर आता १३२ आणि ११७. म्हणजे जास्त दराचं घर एकूण किमतीतही कमी आणि जागेतही मोठं. हे उदाहरण मनाचं असलं तरी असा उलटफेर प्रत्यक्षात वरचेवर होतो.

सरासरीवर विश्वास ठेवू नका

‘या भागात घराची सरासरी किंमत इतकी’ असं वाचलं की थांबा. पाच घरं ४०, ४२, ४५, ५० आणि १६० ला विकली गेली, तर सरासरी ६७.४ येते. मधली किंमत मात्र ४५. एका बंगल्याने आकडा कुठल्या कुठे नेला. तुलनेसाठी नेहमी मधली किंमत पाहा, म्हणजे निम्मी घरं जिच्या खाली आणि निम्मी वर ती.

मधल्या किमतीतही एक खोट राहते. एखाद्या वर्षी त्या भागात लहान फ्लॅट जास्त विकले गेले, तर किंमत उतरल्यासारखी दिसते, पण उतरलेली नसते. म्हणूनच कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा अमेरिकी निर्देशांक तेच घर पहिल्यांदा कितीला गेलं आणि पुन्हा कितीला गेलं, अशा जोड्यांवर बांधलेला आहे. तुम्हीही छोट्या प्रमाणावर हेच करू शकता. ज्या इमारतीतलं किंवा गल्लीतलं घर पाहताय, तिथलं एखादं घर आठ-दहा वर्षांत दोनदा विकलं गेलं असेल तर त्या दोन किमती शोधा आणि मधल्या काळातली महागाई वजा करा. त्या भागाची दिशा कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्यातून नीट कळते.

देश किंवा शहर बदलत असेल तर

विनिमय दराने गुणून दोन देशांतली घरं ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही, कारण पगारही तिथलाच मिळणार असतो. तिथे घराची मधली किंमत भागिले तिथल्या कुटुंबाचं मधलं वार्षिक उत्पन्न, हा आकडा काढा. डेमोग्राफिया या वार्षिक आंतरराष्ट्रीय अहवालात हे गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी असेल तर परवडणारं, ५ च्या वर गेलं की अतिशय न परवडणारं मानतात. हाँगकाँग या यादीत अनेक वर्षं सगळ्यात महाग राहिलं आहे. हा आकडा घराचा आकार, व्याजदर आणि कर लपवतो, त्यामुळे त्याच्यावर निर्णय घेऊ नका. कुठले भाग यादीतून आधीच काढून टाकायचे, एवढ्यासाठी तो उत्तम. देशांच्या किमती महागाई वजा करून कशा हलल्या हे पाहायचं असेल, तर बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स (बीआयएस) साठेक देशांची मालिका मोफत देते.

शेजारी दुसरा आकडा ठेवा: घराची किंमत भागिले त्याच घराचं वर्षाचं भाडं. तो १५ च्या आसपास असेल तर विकत घेणं बहुधा पटतं, २० च्या बराच वर गेला तर भाड्याने राहणं हाच त्या भागातला स्वस्त पर्याय असू शकतो. व्याजदर जास्त असलेल्या देशात ही सीमा आणखी खाली येते. परवडणारं घर म्हणजे विकतचंच असं धरून चालू नका. नव्या भागात एक वर्ष भाड्याने राहून मग घेणं हा मला तरी सगळ्यात सुरक्षित रस्ता वाटतो.

किमतीच्या मागून येणारा खर्च

हा खर्च भागागणिक इतका बदलतो की कधी कधी सगळी तुलनाच उलटते. जर्मनीत घरखरेदीवरचा कर बव्हेरियात ३.५ टक्के आहे, तर नॉर्थ राइन-वेस्टफेलियात ६.५ टक्के. सिंगापूरमध्ये परदेशी माणसाने घर घेतलं तर एप्रिल २०२३ पासून किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क लागतं. अमेरिकेत न्यू जर्सीत वार्षिक मालमत्ता कर घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातो, हवाईत तो त्याच्या कितीतरी खाली असतो. दोन टक्के म्हणजे पन्नास वर्षांत घराच्या किमतीएवढा कर.

एकदाच येणारे खर्च, म्हणजे कर, नोंदणी, वकील, दलाली, कर्जाचं प्रक्रिया शुल्क, तातडीची दुरुस्ती, यांची बेरीज करून ती तुम्ही जितकी वर्षं राहणार आहात तितक्या वर्षांच्या एकूण महिन्यांनी भागा. पाच वर्षांत निघणार असाल तर हा भार मोठा येतो, वीस वर्षं राहणार असाल तर विरून जातो. दर महिन्याचे वेगळे: हप्ता, देखभाल शुल्क, कर, विमा, वीज आणि तापवण्या-थंड करण्याचा खर्च, प्रवास. जागा भाडेपट्ट्यावर असेल तर किती वर्षं उरली आहेत ते पहिल्याच फोनवर विचारा. मुदत कमी उरली की बँका कर्ज द्यायला कचरतात आणि पुढे विकणंही अवघड होतं.

प्रवास या यादीत हवाच. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांची मर्यादा सुचवली, ती याच कारणाने. महिन्याचं उत्पन्न १०० धरून हे पाहू. कामाजवळच्या ५० चौरस मीटरच्या घराचा हप्ता ३४, देखभाल आणि कर ४, प्रवास ४, एकूण ४२. लांबच्या ७० चौरस मीटरच्या घराची किंमत जवळपास ३० टक्के कमी, म्हणून हप्ता २४, देखभाल आणि कर ५, पण गाडी घ्यावी लागल्याने प्रवास १३. एकूण तेही ४२! किमतीतला सगळा फायदा रस्त्यात गेला. आता प्रश्न बदलतो: २० चौरस मीटर जास्त जागेसाठी जाताना ५० आणि येताना ५० मिनिटं जास्त द्यायची का? महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ते सुमारे ३७ तास होतात. घरून काम करणाऱ्याने लांबचं घर घ्यावं. तान्हं मूल असलेल्यांना मी जवळचं सुचवेन.

स्वस्त का आहे, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका

आजूबाजूच्या घरांपेक्षा एखादं घर बरंच स्वस्त असेल तर त्याला कारण असतं. ते कारण तुम्हाला चालणारं असलं की ते घर खरोखर तुमच्यासाठी स्वस्त. जुन्या फरशा, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, वारसांना घाईने विकायचं असणं, ही चालणारी कारणं. पुराची पातळी, वादातली मालकी, इमारतीच्या सांगाड्याला गेलेले तडे ही न चालणारी.

जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यातली काही नाममात्र किमतीत मिळतात. पण घर जून १९८१ च्या भूकंपविषयक बांधकाम नियमांच्या आधीचं असेल तर मजबुतीकरणाचा खर्च मोठा येऊ शकतो आणि ओसरत्या वस्तीच्या गावात पुन्हा गिऱ्हाईक मिळणं कठीण. इटलीतल्या एक युरोच्या घरांचंही तसंच. सिसिलीतल्या सांबूका गावाची अशी योजना २०१९ मध्ये जगभर गाजली. मात्र अशा घरांबरोबर ठरलेल्या मुदतीत, बहुधा तीन वर्षांत, दुरुस्ती पूर्ण करण्याची अट आणि त्यासाठीची अनामत येते. तिथे खरी किंमत दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात असते.

कारण शोधायला प्रत्यक्ष जावं लागतं, तेही दोन वेगळ्या वेळी. सकाळी कामाच्या गर्दीत आणि रात्री नऊनंतर. शक्य असेल तर मोठा पाऊस होऊन गेल्यावर, कारण भिंतीच्या खालच्या बाजूची ओल आणि तळघराचा वास तेव्हा लपत नाही. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहा. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर का, ते विचारा. जिन्यात भेटलेल्या माणसाला पाणी, आवाज आणि सोसायटीची थकबाकी याबद्दल विचारलं तर एजंटकडून न मिळालेली माहिती पाच मिनिटांत मिळते. मालकीची कागदपत्रं मात्र वकिलाकडूनच तपासून घ्या, इथे काटकसर नको.

तक्ता आणि बोलणी

एवढं झालं की प्रत्येक घराला एक ओळ द्या: महिन्याचा एकूण खर्च, आतली जागा, दोन्ही वेळच्या प्रवासाची मिनिटं, स्वस्त असण्याचं कारण आणि त्याच भागातले शेवटचे तीन नोंदलेले सौदे. बोलणी करताना हे शेवटचे तीन सौदे समोर ठेवा. ‘जरा कमी करा’ यापेक्षा ‘याच इमारतीत चौथ्या मजल्याचं घर या दराने गेलं’ या वाक्याला वजन असतं. मागितलेल्या किमतीवरून खाली येऊ नका, झालेल्या सौद्यांवरून वर जा.

बयाणा देण्याआधी कर्ज देणाऱ्या बँकेचं मूल्यांकन हातात असू द्या. बँकेने घराची किंमत सौद्यापेक्षा कमी धरली, तर कर्जही त्या हिशेबाने कमी मिळतं आणि मधला फरक रोख भरावा लागतो. मूल्यांकन कमी आलं तर बयाणा परत मिळेल, अशी अट करारात लेखी घालून घ्या. विक्रेता तयार नसेल, तर तक्त्यातल्या पुढच्या ओळीकडे वळा.